एचसीआयमध्ये येताय? व्हिडिओत दिसलेल्या माझ्या बोटाची गोष्ट

माझ्या पहिल्या युजर स्टडीत बारा जण होते. अकरा जणांनी सांगितलं, तुमचा इंटरफेस जास्त आवडला. बाराव्याने आधी विचारलं, “हा तुम्हीच केलाय का?” मी हो म्हटल्यावर त्यालाही आवडला. हा किस्सा मी लॅबमध्ये सगळ्यांना हसत हसत सांगितला होता. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला एक पेपर रिजेक्ट व्हावा लागला आणि जवळपास वर्ष गेलं.

मी कॉम्प्युटर सायन्समधून ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शनकडे, म्हणजे एचसीआयकडे आले. माणसं यंत्रं कशी वापरतात हे बघणारं हे क्षेत्र. तुम्हीही तिकडूनच येताय, कोड लिहिता येतो आणि टी-टेस्ट कशाशी खातात हे माहीत आहे, असं धरून लिहितेय. चित्र काढता येत नाही म्हणून घाबरू नका. मला अजून सरळ रेघ ओढता येत नाही, आणि त्यावाचून काही अडलेलं नाही. अडतं ते भलतीकडेच.

टचस्क्रीनवरच्या लांबलचक यादीतून एकदम बऱ्याच नोंदी निवडायच्या असतील, तर एकेका चौकोनावर टिक करत बसण्यापेक्षा बोटाने वेटोळं काढावं आणि आतलं सगळं निवडलं जावं, ही माझी कल्पना. तीन महिने कोड लिहिला. बोट फिरवताना स्क्रीन कुठे अडखळू नये म्हणून रात्री जागवल्या. मग एका खोलीत लोकांना एकेक करून बोलावलं आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. आधी जुनी टिक पद्धत, नंतर “आता हे बघा” म्हणत माझी, आणि शेवटी प्रश्न: कोणती आवडली? जॉन ब्रुकने १९८६ मध्ये तयार केलेली एसयूएस ही वापरायला किती सोपं आहे ते जोखणारी दहा विधानांची प्रश्नावलीसुद्धा मी समोर बसूनच भरून घेतली.

आता यात काय काय चुकलं ते सविस्तर सांगते. कंटाळा आला तरी वाचा, कारण मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

क्रम चुकला. सगळ्यांनी टिक आधी केलं, वेटोळं नंतर. दुसऱ्या फेरीपर्यंत यादी ओळखीची झालेली, हात सरावलेला. नंतर येणाऱ्या पद्धतीला हा फायदा फुकट मिळतो. अर्ध्या लोकांना उलटा क्रम द्यायचा, पद्धती जास्त असतील तर लॅटिन स्क्वेअर (प्रत्येक पद्धत प्रत्येक क्रमांकावर सारख्याच वेळा येईल असा तक्ता) वापरायचा, हे पुस्तकात वाचलेलं होतं. मी वेळ वाचवला.

पण खरी गफलत शेजारच्या खुर्चीत होती. पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने एका वाक्यात विचारलं होतं की सेशन कोणी घेतली. मी चिडून व्हिडिओ पुन्हा बघायला घेतले, त्याला खोटं ठरवायला. चौथ्या व्हिडिओत एका बाईंचं वेटोळं तीनदा फसतं. त्या थांबतात, बाजूला बघतात, आणि फ्रेममध्ये एक बोट येतं, वळण कुठून घ्यायचं ते दाखवतं. ते बोट माझं. टिकच्या फेरीत ते एकदाही आलेलं नाही. मदत केल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं.

हा फक्त माझा वेंधळेपणा नव्हता, हे नंतर समजलं. २०१२ साली निकोला डेल आणि सहकाऱ्यांनी बेंगळुरूमध्ये केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांपुढे दोन गोष्टी ठेवायच्या आणि यातली एक मुलाखत घेणाऱ्याने बनवली आहे असं भासवायचं. दोन्ही अगदी सारख्या असल्या तरी त्याची गोष्ट निवडण्याकडे लोकांचा कल सुमारे अडीच पट निघाला. मुलाखत घेणारा परदेशी संशोधक आणि सोबत दुभाषी असेल, तर पाच पट. त्याची गोष्ट मुद्दाम उघडउघड वाईट केली तरी तीच पसंत. यात कोणी खोटारडं नसतं. समोरच्याने खपून काहीतरी केलंय, त्याच्या तोंडावर कसं सांगायचं, एवढाच विचार असतो. ‘आवडलं का?’ या प्रश्नाला तुम्ही तरी कधी खरं उत्तर दिलंय?

दुसऱ्या वेळी सेशन घ्यायला लॅबमधल्या एका मित्राला बसवलं. त्याला दोन्ही पद्धतींचं सारखंच कौतुक, म्हणजे शून्य. पद्धतींची नावं ‘अ’ आणि ‘ब’. कोणी केल्या ते सांगायचं नाही. आवडीपेक्षा वेळ, चुका आणि ‘मागे घ्या’ किती वेळा दाबलं ते मोजलं. मी मजल्यावरसुद्धा नव्हते.

वेटोळं हरलं. सलग चारपाच नोंदी असतील तर दोन्ही सारख्या, विखुरलेल्या असल्या की माझी पद्धत सरळ सरळ हळू. दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही.

कारण मात्र आधीपासून छापलेलं होतं. पॉल फिट्सचा १९५४ चा नियम सगळ्यांना पाठ असतो: लक्ष्य जितकं लांब आणि लहान, तितका वेळ जास्त, पण अंतर वाढेल तसा तो लॉगच्या हिशेबाने, सावकाश वाढतो. टिक करणं या नियमात बसतं. वेटोळं काढणं म्हणजे दोन ओळींमधल्या चिंचोळ्या बोळातून बोट न घासता नेणं. त्याचा हिशेब अ‍ॅको आणि झाई यांनी १९९७ मध्ये मांडला: वेळ वाटेच्या लांबीच्या सरळ प्रमाणात वाढतो, आणि बोळ अर्धा केला की दुप्पट होतो. दाट यादीत माझी पद्धत कागदावरच हरलेली होती. तीन महिने कोड लिहिण्याआधी एक दुपार वाचनाला दिली असती तर! असो. ‘कुठे हरते आणि का’ हाच दुसरा पेपर झाला आणि तो स्वीकारला गेला.

शॉर्टकटबद्दल माझी मतं कडवट आहेत. ‘पाच युजर पुरतात’ हे सगळ्यात जास्त ताणलेलं वाक्य. नीलसन आणि लँडाउअर यांच्या १९९३ च्या गणितात एक माणूस इंटरफेसमधल्या सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवतो, म्हणून पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. हे अडचणी शोधण्यापुरतं आहे. तुमची पद्धत दुसरीपेक्षा सरस आहे हे पाच जणांवर सिद्ध होत नाही. भाषा मॉडेलला ‘तू आता युजर हो’ म्हणायचं हा नवा पळपुटेपणा. ते छान बोलतं, पण घामेजल्या बोटाने चुकीचं बटण दाबत नाही. आणि सहा आठवड्यांच्या सर्टिफिकेट कोर्सबद्दल मी गप्प बसते, कारण असं सर्टिफिकेट आधी मीही घेतलं होतं.

गाइड निवडताना त्यांच्या पेपरांची संख्या मोजत बसू नका. जुन्या विद्यार्थ्यांना गाठून एकच विचारा: ते तुमच्यासोबत बसून सेशनचा एक तरी व्हिडिओ पूर्ण बघतात का? माझ्या गाइडने आकडे बघितले, ग्राफचे रंग बदलायला सांगितले. भला माणूस, पण ते बोट त्यांनाही दिसलं नाही.

या क्षेत्राच्या सगळ्यात मोठ्या परिषदेच्या नावाचा, सीएचआयचा, उच्चार ‘काय’ असा करतात. “काय-ला पेपर पाठवलाय” असं घरी सांगितलं की “काय?” हेच उत्तर येतं. सवय होते. रिजेक्ट होण्याचीही होते. तिथे आलेल्यांपैकी बहुतेक पेपर परतच जातात. लोकांवरच्या अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स समितीचा अर्ज मात्र कोडच्या आधी टाका, मंजुरीत आठवडे जातात.

नोकरीचं थोडक्यात. कोड आवडत असेल तर प्रोटोटाइप बनवणाऱ्या टीम किंवा अपंग व्यक्तींनाही वापरता यावं यासाठीचं काम, म्हणजे अ‍ॅक्सेसिबिलिटी बघा. स्क्रीन रीडरचं (स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) काम नीट येणारी माणसं कमी आहेत आणि लागतात खूप. लोकांशी बोलायला आवडत असेल तर यूएक्स रिसर्च, म्हणजे वापरणाऱ्यांच्या अनुभवाचा अभ्यास. स्वतःचा विषय स्वतः निवडायचा असेल तर बहुतेक ठिकाणी पीएचडीशिवाय दार उघडत नाही. पोर्टफोलिओत फसलेलं एक काम जरूर ठेवा. मी मुलाखतीला तो चौथा व्हिडिओ घेऊन गेले होते, त्या बाईंचा चेहरा आणि आवाज काढून. पाऊण तासातली वीस मिनिटं त्या बोटावरच गेली. पगाराचं विचारायचं राहूनच गेलं, ते नंतर मेलवर विचारलं.