कुकीज पसरतात, फज रवाळ होतो: या चुका टाळा

ट्रेमधल्या कुकीज पसरून एकमेकींना चिकटल्या किंवा फज दाताखाली कचकच लागला, की पहिला संशय रेसिपीवर जातो. घोळ बहुतेक वेळा तापमानात असतो. रेसिपी मिनिटं सांगते, पण मिनिटं प्रत्येक शेगडीवर आणि प्रत्येक पातेल्यात बदलतात. घड्याळापेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

आधी फज, कारण तो जास्त हट्टी. साखर, दूध आणि बटर उकळून केलेल्या फजचं मिश्रण ११२ ते ११६ अंश सेल्सिअसपर्यंत गेलं पाहिजे. त्याआधी उतरवलं तर तो आळत नाही, चमच्याने खावा लागतो. पुढे गेलं तर कोरडा होतो आणि सुरी लावताच त्याचा भुगा पडतो. थर्मामीटर नवा असला तरी आधी उकळत्या पाण्यात धरून पाहा. समुद्रसपाटीला तो १०० दाखवायला हवा. ९८ दाखवत असेल तर फजही २ अंश आधी उतरवा. उंचावरच्या गावातही हाच हिशोब चालतो, कारण साधारण दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू १ अंशाने खाली येतो. थर्मामीटरचं टोक मात्र पातेल्याच्या बुडाला टेकू देऊ नका.

थर्मामीटर नसेल तर गोळीबंद पाकाची जुनी परीक्षा आहेच. थंड पाण्यात थेंब टाकला की त्याची मऊ गोळी वळता यावी आणि ती बाहेर काढल्यावर बोटांत चपटी व्हावी. ही परीक्षा चालू असताना पातेलं आचेवरून खाली घ्या. गोळी होते का हे बघत बसाल तोवर पाक पुढच्या टप्प्याला पोचलेला असतो.

आता रवाळपणा. साखरेचा एक न विरघळलेला कणही पुरतो, त्याच्याभोवती बाकीची साखर गोळा होऊन मोठे स्फटिक तयार होतात. म्हणून साखर पूर्ण विरघळेपर्यंत आच मंद ठेवून ढवळा, उकळी आल्यावर ढवळणं थांबवा. दूध खाली लागू नये म्हणून पातेलं जाड बुडाचंच घ्या. कडेला उडालेली साखर ओल्या ब्रशने पुसा, किंवा २-३ मिनिटं झाकण ठेवा म्हणजे वाफेनेच ती खाली येते.

खरी परीक्षा यानंतर. उतरवल्यावर मिश्रण ४५ अंशांच्या आसपास येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. हलवायचं नाही, चमचा घालून चव बघायची नाही. गरम असताना घोटलं तर थोडेच पण मोठे स्फटिक होतात. कोमट झाल्यावर घोटलं तर असंख्य बारीक स्फटिक होतात आणि तेच जिभेला मऊ लागतात. घोटता घोटता चकाकी जाऊन मिश्रण जडसर झालं की लगेच ट्रेमध्ये ओता. इथे रेंगाळलात तर ते पातेल्यातच बसेल. आणि पातेलं खरवडून ट्रेमध्ये टाकण्याचा मोह आवरा, ती खरवड वेगळी खा!

बिघडलेला फज फेकू नका. रवाळ असो, कडक असो की पातळ, पातेल्यात पाऊण-एक कप पाणी घालून मंद आचेवर पूर्ण विरघळवा आणि पुन्हा त्याच तापमानापर्यंत न्या. व्हॅनिला मात्र नव्याने घालावा लागेल.

कंडेन्स्ड मिल्क आणि चॉकलेटचा झटपट फज या भानगडीतून सुटतो. तिथे चूक एकच, मोठी आच. चॉकलेट जास्त तापलं की तेल सोडतं. नुसतं चॉकलेट वितळवताना पाण्याचा थेंब पडला तरी त्याचा गोळा होतो. अशा वेळी उलट चमचा-चमचा गरम दूध घालत ढवळलं तर ते पुन्हा सैल होतं.

कुकीज त्या मानाने गरीब स्वभावाच्या, पण बटरच्या बाबतीत हळव्या. मऊ बटर म्हणजे १८-२० अंशांचं, बोटाने दाबल्यावर खळगा पडेल पण बोट तुपकट होणार नाही असं. वितळायला आलेल्या बटरच्या कुकीज ओव्हनमध्ये गेल्या गेल्या पसरतात. पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलं तर बराच फरक पडतो. गरम ट्रेवर दुसरा घाणा लावणं हीसुद्धा तीच चूक, ट्रे थंड होऊ द्या.

उलट कुकीज न पसरता गोळ्यासारख्या कोरड्या राहिल्या, तर मैदा जास्त झालाय. चमच्याने हलका भरून सपाट केलेल्या कपात १२०-१२५ ग्रॅम मैदा बसतो, डब्यात कप खुपसून घेतला तर सहज १५० ग्रॅम. वजनकाटा घ्या, हा वादच संपतो. मैदा घातल्यावर फेटत राहू नका, नाहीतर कुकी चिवट होते. सोडा आणि बेकिंग पावडर यांची अदलाबदलही नको. सोडा साधारण तिप्पट जोरकस असतो आणि जास्त झाला की साबणासारखी चव येते.

ओव्हन नीट तापल्याशिवाय ट्रे आत घालू नका. पंखा चालू असेल तर तापमान १५-२० अंशांनी कमी ठेवा. आधी एकच कुकी भाजून बघावी, हा माझा आग्रह. मैदा कमी पडला की आच जास्त झाली, हे ती एकटी सांगते. कडा पक्क्या आणि मध्यभाग जरा कच्चा दिसत असतानाच ट्रे बाहेर काढा. गरम ट्रेवर ५ मिनिटांत मध्यभागही होतो. ‘अजून दोन मिनिटं’ म्हणणाऱ्यांच्या कुकीज थंड झाल्यावर दगड होतात.

डब्यात भरताना त्या पूर्ण गार हव्यात, आणि फजचा डबा वेगळा. एकत्र ठेवलंत तर फजमधला ओलावा कुरकुरीत कुकीज शोषून घेतात. मऊ पडलेल्या कुकीज १५० अंशांवर ४-५ मिनिटं पुन्हा भाजून गार केल्या की कुरकुरीत होतात.