गावच्या पोरींची फुटबॉल टीम लीगमध्ये कशी उतरवायची

दरवर्षी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की कोणाचा तरी फोन येतोच, ताई आमच्या वाड्यावर सातआठ पोरी रोज बॉल मारतात, त्यांची टीम करून लीगमध्ये घालायची तर काय करायचं. तेच तेच सांगून कंटाळले म्हणून एकदाच लिहून टाकते. मी कोच नाहीये, मी मॅनेजर, म्हणजे बाटल्या भरणारी, कागद गोळा करणारी आणि आयांची बोलणी खाणारी. आमची टीम गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, एवढंच सांगते.

खेळ शिकवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम, खरंच. पोरी खेळतातच हो, त्यांना थांबवावं लागतं. अडतं ते कागदावर आणि संध्याकाळच्या परतीच्या बसवर. या दोन गोष्टी आधी सुटल्या तर टीम टिकते, नाहीतर दोन महिन्यांत जर्सी कपाटात.

आधी वर काय काय आहे ते समजून घ्या, कारण आईबाप पहिलं तेच विचारतात, खेळून पुढं काय. गोव्यात जीएफए, म्हणजे गोवा फुटबॉल असोसिएशन, महिलांची लीग घेते. त्याच्या वर देशाची इंडियन विमेन्स लीग, सगळे आयडब्ल्यूएल म्हणतात, ती 2016-17 च्या सीझनपासून आहे, आणि 2024 मध्ये तिच्या खाली आयडब्ल्यूएल-2 सुरू झाली. राज्य असोसिएशनच्या मार्फत नाव गेलं की टीम आयडब्ल्यूएल-2 मध्ये, तिथं चांगली खेळली तर वर. हे नुसतं कागदावरचं नाही. पूर्वी गोव्याचेच पणजी फुटबॉलर्स 2018-19 ला, सिर्वोदे 2021-22 ला आणि चर्चिल ब्रदर्स 2022-23 ला आयडब्ल्यूएल खेळून आले, आणि 2024-25 ला तर आपल्याच बाजूच्या सेसा अकादमीच्या पोरी आयडब्ल्यूएल-2 मधून वर चढल्या. आमच्याकडच्या बापांना गोकुळम केरळानं तीनदा लीग जिंकली, 2024-25 ला ईस्ट बंगालनं जिंकली हे सांगून काही वाटत नाही, पण सेसाचं नाव काढलं की मान हलते, कारण ते मैदान त्यांनी बघितलेलं असतं.

दुसरी वाट राज्याच्या टीमची. पुरुषांची जशी संतोष ट्रॉफी तशी बायकांची राज्याराज्यांची नॅशनल असते आणि तिच्या ट्रॉफीला राजमाता जिजाबाईंचं नाव आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण एकदा एका आजीनं अंगणातूनच विचारलं होतं, "चेडवांक फुटबॉल कित्याक जाय?" म्हणजे पोरींना फुटबॉल कशाला हवं, आणि मी म्हटलं आजी, ट्रॉफी जिजाऊंच्या नावाची आहे, तेव्हा कुठं ती गप्प झाली आणि मग चहा पण दिला. वर योलांडा डिसोझाचं पण सांगितलं, गोव्याची मुलगी, सत्तर-ऐंशीच्या दशकात इंडियाकडून खेळलेली. तेव्हा बायकांच्या फुटबॉलची संघटनाच वेगळी होती, 1975 साली झालेली, देशाच्या फुटबॉल फेडरेशननं, म्हणजे एआयएफएफनं, त्यांना आपल्यात घेतलं ते खूप नंतर. म्हणजे हे काही कालचं खूळ नाही.

आता टीम. अकरा जणींची वाट बघत बसू नका. नियमानं सात जणी मैदानात असल्या तर मॅच सुरू होते, सातच्या खाली गेल्या की होत नाही. पण लीगला नाव द्यायचं तर अठरा-वीस नावं पाहिजेतच, कारण दहावी-बारावीच्या परीक्षा, कोणाच्या मावशीचं लग्न, कोणाला ताप, आणि शिगम्यात, म्हणजे होळीच्या सणात, तर अर्धी टीम रोमटामेळाच्या मिरवणुकीत नाचत असते. शाळेतून सुरुवात करा, पीटीच्या मास्तरांना भेटा, त्यांना माहीत असतं कोण पळते ते. कबड्डी-खोखोच्या पोरी सोडू नका, आमची सगळ्यात चांगली डिफेंडर खोखोतून आली, तिला बॉलशी काही देणंघेणं नव्हतं पण समोरची कुठं वळणार ते तिला आधी कळायचं.

क्लब नवीन काढायचा की जुन्यात शिरायचं? माझं मत विचाराल तर जुन्यात शिरा. नवीन काढायचा म्हणजे सोसायटी रजिस्टर करा, त्याला किमान सात सभासद लागतात, घटना लिहा, पॅनकार्ड, बँकेत खातं, मग असोसिएशनची मेंबरशिप, यात एक सीझन जातो. त्यापेक्षा जवळचा कुठला क्लब जीएफएला जोडलेला असेल, ज्याची पुरुषांची टीम कुठल्यातरी डिव्हिजनमध्ये खेळते, त्यांच्या कमिटीकडे जा आणि सांगा की महिलांची टीम तुमच्या नावानं उतरवतो, धावपळ आमची, तुम्ही फक्त लेटरहेड आणि सही द्या. फक्त एक करा, कोण काय देणार ते एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. एंट्री फी, जर्सी, अँब्युलन्स, रेफरीचा खर्च, कोणाच्या अंगावर काय येणार ते आधी. आम्ही तोंडी ठरवलं आणि सीझनच्या मधेच कमिटी बदलली, नवीन सेक्रेटरी म्हणतो मला कोणी सांगितलंच नाही, आणि त्या वर्षी घरच्या मैदानाचं भाडं मी आणि कोचनं खिशातून भरलं. भांडायला गेले तर सगळे म्हणतात ताई जाऊद्या. आणि मी जाऊ दिलं, अजून राग येतो.

आता सगळ्यात डोकेदुखीचं, नोंदणी. खेळाडूचं नाव फेडरेशनच्या सीआरएसमध्ये चढवावं लागतं, म्हणजे ऑनलाइन सिस्टीम आहे, क्लब चढवतो. फोटो, जन्मदाखला, ओळखपत्र. ऐकायला सोपं आहे. आता आपल्याकडची गंमत बघा. पोरीच्या दाखल्यावर गावकर व्ही-नं लिहिलेलं, आधारवर डब्ल्यू-नं, शाळेच्या दाखल्यावर मधलं नाव बापाचं आणि दुसरीकडे मधलं नावच नाही. काही घरांत तर जुन्या पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग आजोबांपासून चालत आलेलं, नाईक लिहायला शेवटी क्यू-यू-ई. माणूस तोच पण सिस्टीमला ते कळत नाही. आमची एक विंगर, सगळ्यात फास्ट पोरगी, पहिल्या दोन मॅच बाकावर बसून होती फक्त एका अक्षरासाठी, आणि रडत पण नव्हती, नुसती बुटाची लेस सोडायची आणि बांधायची, सोडायची आणि बांधायची.

म्हणून टीम जमली त्याच आठवड्यात, सराव सुरू व्हायच्या आधी, प्रत्येकीची तिन्ही कागदपत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर बघा. जन्मतारीख पण. आधार दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं, म्हणून दाखला मूळ धरा आणि बाकीचे त्याला जुळवा. दाखला हरवलेला असेल तर लक्षात ठेवा, नोंद जन्म झाला तिथं असते, राहता तिथं नाही, पोरगी म्हापशाच्या हॉस्पिटलात झाली असेल तर नोंद म्हापशालाच मिळणार, आपल्या पंचायतीत रांग लावून उपयोग नाही. अठराच्या खालच्या प्रत्येक पोरीसाठी पालकांची सही घेऊन ठेवा. आणि पोरीला सरळ विचारा की आधी कुठल्या क्लबातून, अकादमीतून नाव चढलेलं आहे का, कारण असलं तर ट्रान्सफर करून घ्यावी लागते आणि ती विंडो, म्हणजे ट्रान्सफरची ठरलेली मुदत, उघडी असतानाच होते. बऱ्याच पोरींना स्वतःलाच माहीत नसतं, कुठल्यातरी स्पर्धेच्या वेळी कोणीतरी चढवलेलं असतं.

मैदान. गावचं मैदान संध्याकाळी पाचनंतर पोरांचं, हे सगळ्या गोव्यात तसंच आहे, भांडून काही होत नाही. आम्ही पंचायतीला लेखी अर्ज दिला, मंगळवार, गुरुवार, शनिवार, साडेतीन ते पाच, आणि त्याची पोच घेतली. ऊन असतं, पण त्या वेळेत शाळेतून थेट येता येतं आणि काळोख पडायच्या आत घरी. अर्ज लेखीच पाहिजे, नाहीतर एक दिवस तिथं क्रिकेटची टुर्नामेंट लागलेली असते आणि मांडव घालून लाउडस्पीकरवाला तुम्हालाच बाजूला व्हा म्हणतो. पावसात जूनपासून तांबड्या मातीचा नुसता चिखल होतो, तेव्हा शाळेचा हॉल मागा, पाच-पाच जणी खेळा, पासिंग सुधारतं. सरकारची क्रीडासंकुलं आहेत, पेड्याला, फोंड्याला, तिथं स्लॉट विचारून बघा, पण वाळपईहून पेड्याला आठवड्यातून तीनदा कोण जाणार.

कोच लायसन्सवाला मिळाला तर उत्तम, फेडरेशनचा डी लायसन्सचा कोर्स असतो, गावातल्या कोणा माजी खेळाडूला, शक्यतो बाईला, तिकडे पाठवा. पण कोच कोणीही असो, प्रवासाला, ड्रेसिंग रूमला, हॉटेलला टीमबरोबर एक बाई असलीच पाहिजे आणि पोरींच्या खोलीत पुरुषानं जायचं नाही, मग तो कोच असो की पदाधिकारी. हे मी उगाच ताणत नाहीये. 2024 च्या मार्चमध्ये आयडब्ल्यूएल-2 आपल्याच गोव्यात चालू होती तेव्हा बाहेरच्या टीमच्या दोन खेळाडूंनी हॉटेलात मारहाण झाली म्हणून एका पदाधिकाऱ्यावर तक्रार केली, त्याला अटकही झाली. पहिल्याच पालक मीटिंगला नियम मोठ्यानं वाचून दाखवा आणि तक्रार कोणाकडे करायची त्या बाईचा नंबर पोरींच्या हातात द्या, आयांच्या नाही, पोरींच्या.

वॉर्मअपला फाटा देऊ नका. बायकांना गुडघ्याची लिगामेंट जायचा धोका पुरुषांपेक्षा जास्त असतो आणि ती गेली की सीझन गेला. फिफाचा 11 प्लस नावाचा वॉर्मअप आहे, वीसेक मिनिटांचा, फुकट मिळतो, व्हिडिओ बघून करता येतो. पोरी कंटाळतात, करून घ्या. खाणं म्हणाल तर मॅचच्या आधी तीन तास पेज, किंवा पोहे, केळं. ती महागाची पावडर नको.

जर्सीबद्दल एकच सांगते, पांढरी शॉर्ट घेऊ नका. पाळीच्या दिवसांत पोरी सारख्या मागं वळून बघत राहतात आणि खेळातलं लक्ष जातं. इंग्लंडच्या बायकांच्या टीमनं सुद्धा 2023 ला पांढरी सोडून निळी शॉर्ट घेतली. काळी घ्या, नेव्ही घ्या. वेगळ्या रंगाचा दुसरा सेट ठेवा. पॅडची पाकिटं मॅनेजरच्या बॅगेत नेहमी, कोणी मागायची वाट बघायची नाही, बॅग उघडीच ठेवायची.

मॅचच्या दिवशी सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो दागिन्यांचा. नियम सरळ आहे, अंगावर काहीही चालत नाही, आणि टेप लावून झाकलं तरी चालत नाही. नवीन कान टोचलेल्या पोरीची आई म्हणणार की काढलं तर भोक बुजेल. म्हणून कान टोचायचे तर सीझन संपल्यावर, हे पालकांना आधीच सांगा. आमच्या एकीच्या हातातला देवळातला दोरा कापावा लागला, रेफरी थांबून राहिलेला, ती तयार नाही, शेवटी मी तो माझ्या हाताला बांधला आणि नव्वद मिनिटं तशीच उभी राहिले. शिनपॅड नसेल तर खेळता येत नाही, दोन जोड्या जादा ठेवा. सीआरएसची प्रिंट, टीमची यादी, पेनं दोन.

एक दिवस काढून पोरींना मोठी मॅच दाखवा. 2022 ला अंडर-17 मुलींचा वर्ल्ड कप आपल्याकडे होता, दोन्ही सेमीफायनल मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर, 26 ऑक्टोबरला, दिवाळीचा नरकासुर जाळून दोनच दिवस झालेले, पोरींचे आवाज बसलेले. कोलंबिया-नायजेरिया शून्य-शून्य, मग पेनल्टीत कोलंबिया 6-5. आमची कीपर तेव्हा तेरा वर्षांची, पेनल्टी सुरू झाल्यापासून खुर्चीवर उभी, आणि परत येताना गाडीत म्हणाली ताई, ती कीपर आधी कुठल्या पायावर वजन टाकते बघितलं का. मी नव्हतं बघितलं.

राहता राहिली बस. अवे मॅच म्हापसा किंवा मडगावला, चारची किकऑफ म्हणजे साडेसहाला सुटणार आणि सत्तरी तालुक्यातल्या पोरीला तिथून दोन बस बदलायच्या. टेम्पो ट्रॅव्हलर भाड्यानं घ्या, पैसे कमी असतील तर जर्सीवर कमी करा. ते पण जमत नसेल तर पालकांच्या गाड्यांची पाळी लावा, प्रत्येक गाडीत कोण कोण ते आदल्या रात्री ग्रुपवर टाका. घरी पोचल्यावर प्रत्येकीनं "पोचले" एवढा मेसेज करायचा, अंगठा नाही, शब्द. यादी समोर धरून टिक करते मी, आणि शेवटच्या नावापुढं टिक पडेपर्यंत जेवायला बसत नाही, कधीकधी साडेनऊ होतात.