वायरिंगच्या या चुका टाळा: आधी अर्थ (करंटची परतीची वाट) बघा, मग बॅटरीला हात लावा

"बॅटरी नवी टाकली, सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) खोलून आणला, तरी गाडी तशीच. आता तुम्हीच बघा." सकाळी शटर पुरतं वर जायच्या आत हे वाक्य कानावर येतं. तोवर गिऱ्हाइकाच्या पाच-सहा हजारांचा चुराडा झालेला असतो आणि वायरिंगला व्होल्ट-करंट मोजणारा मीटर मात्र एकदाही लागलेला नसतो. मोबाइलवर दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून पाना हातात घेणाऱ्यांना नवा पार्ट टाकायची फार घाई. मीटर लावायला दोन मिनिटं लागतात, ती मात्र जिवावर येतात.

सगळ्यात मोठी चूक अर्थ न बघण्याची. पॉझिटिव्हच्या मागे सगळे लागतात. बल्बपर्यंत करंट आला का, फ्यूज शाबूत आहे का, रिले (जड करंट चालू-बंद करणारा डबीतला स्विच) टकटकतोय का, सगळं तपासतात. पण गेलेल्या करंटला बॅटरीकडे परत यायलाही वाट लागते, आणि ती वाट म्हणजे गाडीचा पत्रा, इंजिन आणि त्यांना जोडणाऱ्या दोन-चार काळ्या वायरी. पावसाळ्याच्या चिखलानं त्याच वायरींचे बोल्ट आधी गंजतात.

कोरेगावकडच्या एका गुरुजींची मारुती 800 होती, कार्बोरेटरवाली. तक्रार ऐकून मी वायरिंगचं नावही काढलं नव्हतं. "मेस्त्री, क्लचची केबल दर दोन महिन्याला जाम होते. ही तिसरी. दुकानदार डुप्लिकेट माल देतोय का हो?" जाता जाता म्हणाले, सेल्फ पण जरा रडतोय, बॅटरी बदलली तरी फरक नाही. मला शंका आली ती या दुसऱ्या वाक्यानं. गाडी न्यूट्रल केली, पोराला सेल्फ मारायला सांगितला आणि क्लचच्या केबलवर बोटं ठेवली. चहाच्या पातेल्याला लागावा तसा चटका बसला. केबलवरचं प्लॅस्टिक एका बाजूनं मऊ होऊन चकाकत होतं.

मग मीटर काढला. डीसी 20 व्होल्टवर ठेवला, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारला की काटेकोर पाहिलं तर इथे 0.2-0.3 व्होल्ट दिसायला हवेत, फार तर अर्धा. दिसले 4.1. म्हणजे बॅटरीच्या ताकदीतला तिसरा हिस्सा परतीच्या वाटेतच जिरत होता. गाडीखाली सरकलो तर गिअरबॉक्सवर येणारी अर्थची जाड केबल चिखलात लडबडून लोंबत होती. चार महिन्यांपूर्वी कुठेतरी क्लचप्लेटचं काम झालेलं. गिअरबॉक्स चढवताना तो एक बोल्ट राहून गेला. बॉडीला गेलेली बारीक वायर तेवढी जोडलेली, त्यामुळे लाइट, हॉर्न सगळं व्यवस्थित. पण सेल्फला छोट्या गाडीतही शंभर अँपिअरच्या वर करंट लागतो. तो इंजिनातून बॉडीत यायला वाट शोधत होता, आणि त्याला क्लचची केबल सापडली! रोज दोन-चार वेळा ती अशी भाजून निघायची, मग जाम होणार नाही तर काय.

पॉलिश पेपरनं जागा चकचकीत घासली, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलिनचा हात फिरवला. मीटर 0.15 वर आला. गुरुजींनी डिकीतून दोन जुन्या केबल काढून दाखवल्या, दुकानदाराशी भांडायला जपून ठेवलेल्या. दोन्ही एकाच जागी भाजलेल्या होत्या.

तेव्हापासून माझा नियम: तक्रार काहीही असो, पहिली मोजणी अर्थची. इंडिकेटर लावला की टेललॅम्पही मिणमिणतो, ब्रेक दाबला की पार्किंगचा लाइट मंद होतो, हेडलाइट लावल्यावर पेट्रोलचा काटा जागचा हलतो, ही सगळी अर्थचीच रडगाणी. मागच्या लाइटची काळी वायर जिथे पत्र्याला स्क्रूनं बसते ती जागा घासा. शंभरातले बरेचसे बल्ब न बदलताच पेटतात.

माझी दुसरी दुखरी नस म्हणजे फ्यूज. निळा 15चा उडाला की पिवळा 20चा, तोही उडाला की हिरवा 30चा, आणि शेवटी सिगारेटच्या पाकिटातली चांदी. अरे बाबांनो, फ्यूज हा वायरीचा राखणदार आहे. त्याला जाडजूड केलं की पुढच्या वेळी तो वाचतो आणि डॅशबोर्डच्या आतली वायर जळते. एका गाडीत चांदीचा फ्यूज शाबूत होता आणि त्यामागचा वायरींचा जुडगा वितळून एक गोळा झाला होता. शेजारी पेट्रोलची नळी असती तर काय झालं असतं ते मी ती चांदी लावणाऱ्या पोराला चहा पाजून समजावलं. त्यानं मान डोलावली, पण पुढच्या वेळी तो काय करेल याची मला अजून खात्री नाही.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर डझनभर फ्यूज आणून जाळत बसू नका. ब्रेकलाइटचा 21 वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडून फ्यूजच्या जागी लावा. त्या लाइनवरची सगळी बटणं बंद. तरी बल्ब लख्ख पेटला तर शॉर्ट आहे. बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाणारच नाही, त्यामुळे वायर भाजायची भीती नाही. आता एकेक कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा सॉकेट) सोडत जा, वायरिंग हातानं हलवत जा. जिथे बल्ब विझला तिथे दुखणं. मी सुरुवात डिकीच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीपासून करतो. दरवाजा वर-खाली होऊन आतल्या वायरी तिथेच तुटतात, आणि वरून रबर तर नवंकोरं दिसतं. दुसरी जागा फायरवॉलचं (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याचं) भोक, रबरी बूच निसटलं की पत्र्याची धार वायर सोलते. पावसाळ्यात उंदरांचाही संशय घ्या. बॉनेटखाली तंबाखूची पुरचुंडी बांधणारे बांधतात. मी बांधलेली पुरचुंडी उंदरानं हलवून पलीकडे ठेवलेली पाहिली आहे, त्यामुळे माझा तरी विश्वास उडाला.

जोड देताना दोन टोकं पिळून वर टेप गुंडाळणारे मला भेटले की मी काही बोलत नाही, फक्त ती टेप सोडून दाखवतो. इंजिनच्या उष्णतेनं गोंद वितळतो, टेप घसरते, आत हिरवा गंज. मी आधी स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) वायरीत ओवतो (हे विसरलात तर जोड परत कापायचा, सगळे एकदा तरी कापतात), मग लग (वायरीच्या टोकांवर दाबायची धातूची टोपी) दाबतो, मग स्लीव्ह गरम करून आवळतो. हलणाऱ्या जागी सोल्डर मला आवडत नाही. सोल्डर जिथे संपतं तिथेच वायर मोडते. चार वायरी जोडायच्या असतील तर चारही जोड एका रेषेत देऊ नका.

हेडलाइटचे 100/90 वॅटचे बल्ब रिलेशिवाय घालू नका, दोन्ही मिळून सतरा-एक अँपिअर त्या बिचाऱ्या बटणातून जातात आणि बटण वितळतं. इसीएमच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) वायरीला बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका, मीटर लावा. पिवळ्या कपलरला हात नको, ती एअरबॅगची लाइन. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

रात्रीत बॅटरी उतरते म्हणून नवी बॅटरी आणायच्या आधी करंट किती पळतोय ते मोजा. निगेटिव्ह सोडून मीटर 10 अँपिअरवर मध्ये लावायचा, दारं बंद करून अर्धा तास थांबायचं, मग एकेक फ्यूज काढत आकडा बघायचा. 50 मिलीअँपिअरच्या खाली असेल तर ठीक. अर्धा अँपिअर पळत असेल तर 35 अँपिअर-अवरची बॅटरी तिसऱ्या दिवशी मेलीच म्हणून समजा. बऱ्याचदा चोर निघतो तो बाहेरून बसवलेला स्टिरिओ. आणि मीटर असा लावलेला असताना कुणी चावी फिरवता कामा नये, सेल्फचा सगळा करंट मीटरमधून जायला बघतो. माझ्या मीटरचा फ्यूज दोनदा उडाला, दोन्ही वेळा "जरा बघतो" म्हणत माझ्याच पोरानं सेल्फ मारला. आता मोजणी सुरू झाली की गाडीची चावी माझ्या शर्टाच्या खिशात असते.