क्षेत्र जुळलं, पण विहीर हलली

आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन सिव्हिल संपवून मी बेळगावात एका सर्व्हे करणाऱ्या सरांकडे लागलो. नकाशे काढायचं ऑटोकॅड सॉफ्टवेअर बऱ्यापैकी येत होतं, म्हणजे कुणी तयार प्लॅन समोर ठेवला की तो उतरवायला येत होतं. जमिनीवरून आलेल्या आकड्यांतून प्लॅन उभा करायची वेळ तिसऱ्या आठवड्यात आली आणि पहिल्याच कामात तोंडावर पडलो.

येळ्ळूर भागातली भातशेती होती. सरांनी टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं मशीन, लावून बांधाचे कोपरे, घर, गोठा, विहीर असे पॉइंट घेतले आणि फाइल माझ्याकडे दिली. मी पॉइंट टाकले, रेघा जोडल्या, क्षेत्र काढलं. उताऱ्याशी जवळजवळ तंतोतंत. बाजूंची लांबी टेपच्या मापांशी जुळली. मी खूश. दुसऱ्या दिवशी जमिनीचे मालक, सत्तरीचे आजोबा, ऑफिसात आले. नकाशा त्यांनी दोन वेळा फिरवून बघितला आणि म्हणाले, "आमच्या वडलांनी आग्नेयेला विहीर काढली म्हणता व्हय तुम्ही?"

विहीर वायव्येला होती. उत्तरेचा रस्ता माझ्या नकाशात पूर्वेला जाऊन बसला होता.

झालं होतं एवढंच: मशीनमधून आलेल्या फाइलीत क्रम होता पॉइंट नंबर, नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर), ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर), उंची, कोड. ऑटोकॅड आधी एक्स मागतं, मग वाय. एक्स म्हणजे ईस्टिंग. मी आले त्या क्रमाने आकडे दिले आणि आख्खी जमीन आरशात बघावी तशी उलटली. वाईट भाग असा की या चुकीत सगळ्या बाजू तेवढ्याच राहतात, क्षेत्रही तेवढंच राहतं. वर ईशान्येचं ईशान्येला आणि नैर्ऋत्येचं नैर्ऋत्येलाच दिसतं, त्यामुळे चुकून त्याच कोपऱ्याकडे बघितलं तर सगळं बरोबर वाटतं. सर ओरडले नाहीत. "फील्ड स्केच बघितलास का?" एवढंच विचारलं. स्केच माझ्या टेबलावरच, फाइलीखाली होतं.

नवीन माणसाने म्हणून एक सवय लावून घ्यावी. काँप्युटर सुरू करायच्या आधी हाताने काढलेलं फील्ड स्केच समोर ठेवायचं. रस्ता कुठे, नाला कुठे, चतुःसीमेत उत्तरेला कुणाचं नाव आहे हे आधी डोक्यात बसवायचं. डीजीपीएसवरून, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या यंत्रावरून, आलेले यूटीएमचे (जगभर चालणाऱ्या एका मोजणीच्या जाळ्याचे) आकडे असतील तर काम सोपं होतं. बेळगाव शहराच्या आसपास ईस्टिंग सहा आकडी, चार लाखांच्या घरात. नॉर्दिंग सात आकडी, साडेसतरा लाखांच्या आसपास. लहान आकडा आधी, मोठा नंतर. पण आमच्या त्या कामात सरांनी पहिला पॉइंट 1000, 1000 असा मानून घेतला होता. तिथे आकड्याकडे बघून काहीच कळत नाही.

कोनांचं दुखणं याच्याच जवळचं. सर्व्हेत बेअरिंग, म्हणजे रेघेच्या दिशेचा कोन, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजतात. ऑटोकॅड मुळात पूर्वेपासून आणि उलट्या दिशेने मोजतं. युनिट्समध्ये जाऊन हे एकदा बदलून घ्यायचं. आणि 45 अंश 30 मिनिटं म्हणजे 45.5, घाईत 45.30 टाईप केलं तर 200 मीटरच्या रेघेचं टोक 70 सेंटिमीटर सरकतं. सत्तर सेंटिमीटरसाठी आपल्याकडे भाऊ भावाशी बोलत नाहीत.

आता उताऱ्याचं. कर्नाटकात क्षेत्र एकर, गुंठे, आणे असं लिहितात. 40 गुंठ्यांचा एकर, 16 आण्यांचा गुंठा. उताऱ्यावर 1-20-8 दिसलं तर ते एक एकर साडेवीस गुंठे, म्हणजे दीड एकराला थोडं वर. आमच्याकडे आलेल्या एका मुलाने ते 1.20 एकर धरलं आणि अर्धा दिवस आपली हद्दीची पॉलिलाइन (जोडरेघ) कुठे चुकली ते शोधत बसला. त्यात आपली महाराष्ट्राला लागलेली सीमा. आता महाराष्ट्रात असलेलं चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होतं, त्यामुळे घर इकडे आणि वडिलोपार्जित शेत तिकडे अशी माणसं कामाला येतातच. तिकडचा सातबारा हेक्टर-आरमध्ये. 0.40 हेक्टर म्हणजे 40 गुंठे नव्हे, साडेएकोणचाळीस. गुंठा 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट, साधारण 101.17 चौरस मीटर. आर बरोबर 100. हे आकडे मी भिंतीवर चिकटवून ठेवले आहेत.

तेहतीस फूट कुठून आले, तर जुन्या मोजणीच्या साखळीतून. जुनी टिप्पणं, म्हणजे मोजणीच्या वेळी मापं लिहिलेले कागद, याच साखळीत असतात, साखळी आणि आणे. 5 साखळी 8 आणे म्हणजे साडेपाच साखळी, 181.5 फूट, 55.32 मीटर. टिप्पणात मधली एक पायारेघ आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना काटकोनात घेतलेली मापं असतात. ते कॅडमध्ये काढायला मला फार आवडतं, कागद जुना असला तरी काम स्वच्छ होतं. उलट गावनकाशा स्कॅन करून त्यावरून हद्द गिरवायचा मोह पडला तर आवरा. त्याचं प्रमाण 1:7920. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर चार मीटर रुंद होते. शेजारचे सर्व्हे नंबर कोणते, नाला कुठून येतो, एवढ्यापुरता तो नकाशा ठीक.

टिप्पणाची रेघ आणि जागेवरचा बांध कधीच एकमेकांवर बसत नाहीत. दोन्ही काढायच्या, दोन वेगळ्या लेअरवर: एक रेकॉर्डची हद्द, एक वहिवाटीची. हद्द ठरवणं ड्राफ्ट्समनचं काम नाही. जमिनीचा तुकडा विकण्याआधी लागतो तो 11-ई स्केच सरकारी किंवा परवानाधारक सर्व्हेअरच्या सहीने होतो. पण काढत बसणारे हात बऱ्याचदा आपले असतात, म्हणून बांध रेघेवर बसवण्यासाठी पॉइंट हळूच ओढायचा नाही. गिऱ्हाईक चहा पाजून तेच सुचवतं.

घरं काढताना माझी गल्लीतली जुनी घरं बघून भंबेरी उडाली होती. शहापूरकडच्या एका घराची समोरची भिंत 6.40 मीटर, डावी बाजू 14.20. मी सरळ आयत काढायला घेतला. सरांनी कर्ण विचारला. समोरच्या उजव्या कोपऱ्यापासून मागच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत टेपने 15.72 आला होता. काटकोन असता तर 15.58 यायला हवा होता. चौदाच सेंटिमीटर, पण त्यांचा अर्थ मागचा डावा कोपरा 35 सेंटिमीटर शेजाऱ्याकडे गेलाय. अशा घराला आयत चालत नाही. आधी समोरची भिंत काढायची, तिच्या डाव्या टोकावर 14.20 त्रिज्येचं वर्तुळ, उजव्या टोकावर 15.72 चं. जिथे छेदतात तो कोपरा. मग त्या कोपऱ्यापासून पुढच्या भिंती. जांभ्या दगडाच्या भिंती असल्या तर जाडी खिडकीत टेप घालून मोजायची. गिलाव्याखाली काय आहे ते बाहेरून कळत नाही.

कन्नड वाचायला शिकून घ्या. हे मी कुठल्या बाजूचा म्हणून सांगत नाही. उतारा, नकाशावरच्या नोंदी, ऑफिसातला पत्रव्यवहार सगळं कन्नडात आहे आणि नाव वाचता आलं नाही तर शेजाऱ्याची जमीन पक्षकाराच्या नावावर टाकाल. जुने कागद मराठीत असतात, त्याहून जुने मोडीत. मोडी मला अजून नीट येत नाही, एका निवृत्त गुरुजींकडे नेतो.

शेवटी प्रिंट. 1:500 ला नकाशा लावला, सही-शिक्क्याची जागा सोडली आणि पीडीएफ गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याला पाठवली. त्याने 'फिट टू पेज' करून काढली. 50 मीटरची बाजू कागदावर 10 सेंटिमीटर भरायला हवी, ती 9.7 भरली. टेबलावरच्या अधिकाऱ्याने पट्टी लावली आणि कागद परत केला. आता पीडीएफ पाठवल्यावर फोन करून 'ॲक्चुअल साइझ' असं दोनदा सांगतो आणि दुकानात जाताना पट्टी सोबत नेतो. झेरॉक्सवाला हसतो, पण पहिली प्रत काढली की मोजायला माझ्याच हातात देतो.