अवयव पाडताना अडलंय? मदत कुठे, कधी आणि कशी मागायची

अवयव पाडण्याच्या गणितात एक मोठी सोय असते, जी बाकी बऱ्याच गणितांत नसते, ती म्हणजे उत्तर बरोबर आलंय का हे स्वतःलाच तपासता येतं. आलेले कंस परत गुणायचे, मूळ राशी आली की झालं. त्यामुळे होमवर्क करताना उत्तरासाठी मदत लागतच नाही खरं तर, मदत लागते ती "इथे कुठली पद्धत लावू" आणि "माझं नेमकं कुठे बिनसलं" या दोन प्रश्नांसाठी, आणि नेमकं हेच कोणी विचारत नाही, सगळे फोटो काढून पाठवतात आणि खाली लिहितात "प्लीज सॉल्व्ह". (पुस्तकात एक्स असेल, मी इथे सगळीकडे क्ष लिहितोय, गणित तेच आहे.)

तर मदत मागायच्या आधी दोन मिनिटं स्वतः एवढं बघा. सगळ्यात पहिलं, सगळ्या पदांत सामाईक काही आहे का. हे इतकं सोपं आहे की पोरं सोडूनच देतात आणि मग पुढे अडतात. २क्ष² − १८ बघितलं की वाटतं हे सूत्रात बसत नाही, १८ कुठे कोणाचा वर्ग आहे, पण २ बाहेर काढला की आत क्ष² − ९ राहतं आणि उत्तर समोरच येतं, २(क्ष − ३)(क्ष + ३). सामाईक काढून झालं की आत किती पदं उरली ते मोजा. दोन उरली तर वर्गांची वजाबाकी किंवा घनांची बेरीज-वजाबाकी आहे का बघायचं, तीन उरली तर पूर्ण वर्ग आहे का ते बघून मग मधलं पद फोडायचं, चार उरली तर दोन-दोनच्या जोड्या लावायच्या. शाळेच्या होमवर्कमधली बहुतेक गणितं या चाळणीतून जातात. जे जात नाही तेच विचारायला ठेवा.

मधलं पद फोडणं हा सगळ्यात जास्त अडणारा भाग, म्हणून एक उदाहरण पूर्ण करू.

६क्ष² − ७क्ष − ५

पहिला सहगुणक ६ आणि शेवटचं पद −५, गुणाकार −३०. आता असे दोन आकडे पाहिजेत ज्यांचा गुणाकार −३० आणि बेरीज −७. गुणाकार वजा आहे म्हणजे एक आकडा अधिक, एक वजा, आणि बेरीज पण वजा आहे म्हणजे मोठा असेल तो वजा. एवढं आधी ठरवलं की अर्ध्या जोड्या बघायच्याच राहत नाहीत. ३० च्या जोड्या १ आणि ३०, २ आणि १५, ३ आणि १०, ५ आणि ६. फरक ७ चा पाहिजे, तो ३ आणि १० मध्ये आहे, म्हणून −१० आणि ३.

६क्ष² − १०क्ष + ३क्ष − ५
= २क्ष(३क्ष − ५) + १(३क्ष − ५)
= (३क्ष − ५)(२क्ष + १)

त्या दुसऱ्या ओळीतल्या १ वर जरा थांबा. ३क्ष − ५ मध्ये सामाईक काहीच दिसत नाही म्हणून कित्येक जण तिथेच पेन ठेवतात, किंवा १ लिहीतच नाहीत आणि मग शेवटी २क्ष(३क्ष − ५) एवढंच उत्तर लिहून मोकळे होतात. सामाईक काही नसेल तेव्हा १ असतोच, तो लिहायचा. आणि तिसरं पद वजा असताना दुसऱ्या जोडीतून वजा बाहेर काढलं की कंसातलं चिन्ह बदलतं हे पण तसंच, क्ष³ − ३क्ष² − ४क्ष + १२ मध्ये दुसऱ्या जोडीतून −४ काढला की आत (क्ष − ३) येतं, (क्ष + ३) नाही. दोन्ही कंस तंतोतंत सारखे आले नाहीत तर समजायचं चिन्हात घोळ आहे, नाहीतर जोड्या बदलून बघायच्या. याचं शेवटचं उत्तर (क्ष − ३)(क्ष − २)(क्ष + २).

जोडी सापडतच नसेल तर अर्धा तास आकडे शोधत बसू नका. मधल्या सहगुणकाचा वर्ग करा आणि त्यातून पहिला सहगुणक गुणिले शेवटचं पद याची चौपट वजा करा (वर्गसमीकरणात याला विवेचक म्हणतात, धडा झाला नसेल तरी वापरायला हरकत नाही). वरच्या ६क्ष² − ७क्ष − ५ मध्ये ४९ + १२० = १६९, म्हणजे १३ चा वर्ग, पूर्ण वर्ग आला म्हणजे जोडी आहे, शोधा. क्ष² + ३क्ष + ५ मध्ये ९ − २० = −११ येतं, वजा आलं म्हणजे वास्तव संख्यांत अवयव पडतच नाहीत, शोधणं बंद. अधिक आलं पण पूर्ण वर्ग नाही, तर पूर्णांकांची जोडी मिळणार नाही, मुळं वापरून अवयव पडतील, जसे क्ष² − ५ चे (क्ष − √५)(क्ष + √५). असं उत्तर चालणार का ते मात्र शिक्षकांना विचारायलाच हवं, कारण ते धड्यावर अवलंबून असतं.

आता तपासणी. कंस परत गुणणं सगळ्यात खात्रीचं, पण वेळ नसेल तर क्ष च्या जागी १० टाकून बघा. ६क्ष² − ७क्ष − ५ मध्ये ६०० − ७० − ५ = ५२५, आणि इकडे (३० − ५)(२० + १) म्हणजे २५ × २१ = ५२५. जुळलं. चिन्हं उलटी पडून (३क्ष + ५)(२क्ष − १) आलं असतं तर ३५ × १९ = ६६५, लगेच पकडलं जातं. ० टाकू नका, त्यात फक्त शेवटचं पद तपासलं जातं, आणि १ टाकला तर क्ष आणि क्ष² मध्ये फरकच राहत नाही. १० बरा पडतो कारण तोंडी होतो.

पण हे परत गुणणं काय किंवा १० टाकणं काय, दोन्ही एक गोष्ट सांगत नाहीत, की अवयव *पूर्ण* पडलेत का. (२क्ष − ६)(क्ष + ३) गुणलं तरी २क्ष² − १८ च येतं आणि तरी उत्तर अर्धवटच, कारण पहिल्या कंसात २ अजून आत बसलाय. क्ष⁴ − १६ चं (क्ष² − ४)(क्ष² + ४) करून थांबणारे तर खूप, क्ष² − ४ अजून फुटतो ना बाबा. म्हणून शेवटी प्रत्येक कंसाकडे वेगळं बघायचं, हा अजून फुटतो का. मार्क इथेच जातात.

हे सगळं करून पण अडलं तर आता विचारा, आणि विचारताना नीट विचारा. प्रश्न जसाच्या तसा, "अवयव पाडा" आहे की "सोडवा" आहे ते पण लिहायचं, तुम्ही काय केलं ते, आणि कुठे थांबलात ते. असं काहीतरी:

"सर, ६क्ष² − ७क्ष − ५ चे अवयव पाडायचेत. गुणाकार −३० आणि बेरीज −७ म्हणून −१० आणि ३ घेतले. पहिल्या दोन पदांतून २क्ष काढला, पण शेवटच्या दोन पदांत सामाईक काही दिसत नाही, इथे काय करू?"

याला समोरचा एका शब्दात उत्तर देतो, १. आणि तो एक शब्द तुम्हाला पुढच्या दहा गणितांना पुरतो. नुसता पानाचा फोटो टाकलात तर अख्खं सोडवून कोणी देईलही, पण तुम्ही कुठे अडलात हे ना त्याला कळलं ना तुम्हाला. फोटो टाकायचाच असेल तर घात नीट दिसतोय का बघा, वरचा छोटा २ दिसला नाही की गणितच बदलतं. टाईप करताना घातासाठी ^ हे चिन्ह आणि कंस कंजूषी न करता वापरायचे.

ॲप आणि साईट म्हणाल तर जिओजेब्रा फुकट आहे, त्यात फॅक्टर ही कमांड आहे, उत्तर पडताळायला एकदम बेस्ट. वुल्फ्राम अल्फा पण उत्तर देतं, पूर्ण पायऱ्या बघायच्या तर पैसे मागतं. फोटोमॅथ कॅमेऱ्याने गणित वाचतं, हाताने लिहिलेलं पण. खान अकॅडमीवर सराव फुकट करता येतो आणि तिथे अडलं की हिंट मिळते, पद्धतच कळली नसेल तर सरळ तिकडे जा. फक्त एक सांभाळा, यांच्यात "सॉल्व्ह" दाबलं तर किमती मिळतात, अवयव नाही. २क्ष² − १८ ला सॉल्व्ह केलं की ३ आणि −३ येतं, त्यावरून (क्ष − ३)(क्ष + ३) लिहिलं की बाहेरचा २ गायब. समीकरणात बरोबर शून्य असतं म्हणून दोन्ही बाजूंना २ ने भागून टाकता येतं, राशीत तसं भागता येत नाही, तो २ उत्तरात राहिलाच पाहिजे.

एआय चॅटबॉटला विचारलं तर तो समजावतो छान, पण चिन्हांत गडबड करू शकतो आणि ती पण अगदी आत्मविश्वासाने, त्यामुळे त्याच्या उत्तरात पण १० टाकून बघायचं. त्याला सांगायचं, "उत्तर देऊ नको, माझी कुठली ओळ चुकली तेवढं सांग", किंवा "याच प्रकारचं दुसरं गणित सोडवून दाखव, हे मी करतो". आणि त्याने तुमच्या वर्गात शिकवलेली सोडून दुसरीच पद्धत दाखवली तर ती वहीत उतरवू नका, उद्या फळ्यावर विचारलं तर काय सांगणार.

घरच्या मोठ्यांसाठी पण थोडं, ज्यांची शाळा सुटून जमाना झालाय. तुम्हाला बीजगणित आठवलंच पाहिजे असं नाही. शेजारी बसा आणि विचारा, "सामाईक काय निघतं?", "किती पदं उरली?", "आता परत गुणून दाखव", "हा कंस अजून फुटतो का?". बस. तुम्ही स्वतः सोडवून दिलंत तर तेवढंच एक गणित सुटतं.

मदत मिळाली की ते पान बंद करून तेच गणित कोऱ्या कागदावर न बघता परत करा, आणि मग त्याचीच भावंडं. ६क्ष² + ७क्ष − ५ करा, मग ६क्ष² − १३क्ष − ५, मग ६क्ष² − १७क्ष + ५. आकडे जवळपास तेच, पण प्रत्येक वेळी जोडी नव्याने शोधावी लागते आणि चिन्हांचा विचार परत करावा लागतो. सरावाला गणितं कमी पडली तर स्वतःच बनवा, कुठलेही दोन कंस घ्या, (३क्ष − २)(क्ष + ४) म्हणा, गुणून ३क्ष² + १०क्ष − ८ लिहून ठेवा, असे आठ-दहा कागद करा आणि दोन दिवसांनी कंस विसरल्यावर सोडवायला घ्या, उत्तर मागच्या बाजूला लिहिलेलं असलं की कोणाला विचारायची पण गरज नाही.