आधी वेग, मग नेटवर्क: इव्हेंट कॅमेऱ्यावर काम सुरू करणाऱ्यांसाठी

वर्षातून दोन-तीनदा एखाद्या ज्युनिअरचा मेसेज येतो आणि तो बहुतेक असाच असतो: "ताई, डीप लर्निंगचा कोर्स झालाय, आता इव्हेंट कॅमेऱ्यावर प्रोजेक्ट घेतोय. कोणतं न्यूरल नेटवर्क लावू?" मी उलट विचारते, "तुझ्या डेटात वस्तू सेकंदाला किती पिक्सेल सरकतेय?" यावर आजवर एकालाही पटकन उत्तर देता आलेलं नाही. मलाही आलं नसतं. सुरुवातीचे चार महिने मी याच प्रश्नाला वळसा घालत घालवले, म्हणून हे लिहितेय.

आपला नेहमीचा कॅमेरा ठरावीक वेळाने अख्खी फ्रेम काढतो. इव्हेंट कॅमेऱ्यात प्रत्येक पिक्सेल आपल्या मर्जीचा मालक. उजेड ठरावीक प्रमाणात वाढला किंवा कमी झाला की तो एवढंच कळवतो: मी कुठे आहे, किती वाजले, उजेड वाढला की घटला. वेळ मायक्रोसेकंदांत. अशी एक खबर म्हणजे एक इव्हेंट. काही बदललंच नाही तर गप्प. ही कल्पना जुनी आहे. मिशा महोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांनी कॅलटेकमध्ये डोळ्याच्या पडद्याची नक्कल करणारी सिलिकॉन चिप केली, तिच्यावरचा त्यांचा गाजलेला लेख 1991 चा. लिश्टस्टायनर, पॉश आणि डेलब्रुक यांचा 128 बाय 128 पिक्सेलचा सेन्सर 2008 मध्ये प्रसिद्ध झाला आणि तिथून या क्षेत्राने खरा वेग घेतला.

माझी पहिली भेट मजेशीर होती. कॅमेरा टेबलावर ठेवून भिंतीकडे रोखला, स्क्रीन काळीकुट्ट. केबल बदलून पाहिली, पोर्ट बदललं. शेवटी वैतागून हात झटकला तर हात दिसला! संध्याकाळी कुणीतरी जुनी ट्यूबलाइट लावली आणि अख्खी स्क्रीन शहारायला लागली. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होते. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, याला जाणवतं. तेव्हा पहिली रेकॉर्डिंग दिवसा, खिडकीपाशी करा.

आता मुद्द्याचं. समजा एक काळी पट्टी सेकंदाला 500 पिक्सेल वेगाने सरकतेय आणि तुम्ही 20 मिलिसेकंदांचे इव्हेंट गोळा करून चित्र बनवलंत. पट्टीची कड 10 पिक्सेल फराटलेली दिसेल. हेच इव्हेंट वेगाच्या हिशेबाने मागे सरकवा: प्रत्येकाच्या जागेतून वेग गुणिले उलटलेला वेळ वजा करा. सगळे एका रेषेवर येऊन बसतात आणि कड धारदार होते. वेग चुकीचा धरला तर फराटा उरतो. मग करायचं काय? वजा 1000 पासून अधिक 1000 पर्यंत वेग धरून पाहायचे, प्रत्येक वेळी तयार झालेल्या चित्राचं व्हेरिअन्स (पिक्सेलांचे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप; कड धारदार तितकं ते जास्त) काढायचं आणि आलेख मांडायचा. शिखर जिथे, तिथे खरा वेग. गॅलेगो, रेबेक आणि स्काराम्युझा यांनी 2018 मध्ये याच कल्पनेला व्यापक चौकट दिली. तिला कॉन्ट्रास्ट मॅक्सिमायझेशन म्हणतात. पायथॉनमध्ये चाळीस-पन्नास ओळींत होतं. कॅमेरा नसला तरी अडत नाही (किंमत लाखांत जाते, पदरचे पैसे घालू नका). झुरिक विद्यापीठाचा 2017 चा डेटासेट फुकट आहे. त्यातल्या टेक्स्ट फाइलच्या प्रत्येक ओळीत वेळ, एक्स, वाय आणि उजेड वाढला की घटला याचं चिन्ह असतं. साध्या आकृत्यांच्या रेकॉर्डिंगपासून सुरू करा.

माझा आलेख मात्र तीन आठवडे तव्यासारखा सपाट येत होता. कुठलाही वेग धरा, व्हेरिअन्स तेवढंच. गणित पुन्हा पुन्हा तपासलं, गाइडना दाखवलं, त्यांनाही काही दिसेना. चूक गणितात नव्हतीच. माझ्या रेकॉर्डिंगमधली वेळ 1970 पासूनच्या सेकंदांत होती, म्हणजे 170 कोटींच्या घरातला आकडा, आणि मेमरी वाचवायला मी तो 32 बिटच्या फ्लोटमध्ये (दशांश आकडे साठवायचा प्रकार, त्यात मोजकेच अंक मावतात) ठेवला होता. एवढ्या मोठ्या आकड्यावर त्या फ्लोटची एक पायरी 128 सेकंदांची होते. मायक्रोसेकंद मोजणारा कॅमेरा, आणि मी त्याच्या हातात दोन मिनिटांचं घड्याळ दिलेलं! सगळ्या इव्हेंटची वेळ एकच, मग सरकणार काय? आता मी फाइल उघडली की पहिल्या इव्हेंटची वेळ सगळ्यांतून वजा करते आणि 64 बिटमध्येच ठेवते.

वेग सापडला की अंदाज बांधता येतो. आत्ता कड इथे आहे, वेग हा, तर पाच मिलिसेकंदांनी ती तिथे असायला हवी. अंदाजाच्या आसपास आलेले इव्हेंट ठेवायचे, भलतीकडे एकटेदुकटे उगवलेले नॉइज म्हणून टाकायचे. या सेन्सरमध्ये, विशेषतः कमी उजेडात, असा कचरा भरपूर येतो. दुसरा फायदा ओझ्याचा. कॅमेरा जोरात फिरला की सगळेच पिक्सेल एकदम बोलायला लागतात आणि बाहेर जाणारी वाट तुंबते. जायरोस्कोपवरून (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) फिरणं आधीच कळलं तर थ्रेशोल्ड, म्हणजे उजेड किती बदलला की पिक्सेलने बोलायचं ती मर्यादा, वाढवता येतो किंवा फक्त कामाचा भाग चालू ठेवता येतो.

तिसरा उपयोग मला सगळ्यांत आवडतो. झुरिकच्याच फालांगा आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये ड्रोनला अंगावर येणारा चेंडू चुकवायला शिकवलं. ड्रोन स्वतः हलत असल्याने अख्खं दृश्यच इव्हेंट ओकत असतं. त्यांनी जायरोच्या मापावरून ड्रोनच्या हालचालीचा हिशेब वजा केला. त्या हिशेबात जे बसलं नाही, ते स्वतःहून हलणारं. वस्तू दिसण्यापासून आदेश सुटेपर्यंत 3.5 मिलिसेकंद. हा पेपर नक्की वाचा, पण वाचताना त्यात नेटवर्क किती कमी आणि भूमिती किती जास्त आहे तेही पाहा.

अंदाज दगा कुठे देतो? मी गवंड्याकडून ओळंबा मागून आणला आणि कॅमेऱ्यासमोर लंबकासारखा झुलवला. मधल्या भागात अंदाजाबाहेरचे इव्हेंट टाकणारा माझा फिल्टर झकास चालला. टोकाला मात्र दर वेळी ओळंबा गायब! टोकाला वेग शून्याकडे जातो, त्यामुळे इव्हेंट आधीच थोडे, आणि माझा अंदाज मात्र 'तो पुढेच गेला असणार' या थाटात पुढची जागा धरून बसलेला. जे थोडके खरे इव्हेंट येत होते, ते मीच नॉइज म्हणून फेकत होते. बाबा वाक्यं प्रमाणम् झालं ते. काल्मन फिल्टर लावल्यावर निस्तरलं. तोही अंदाजच बांधतो, पण इव्हेंट कमी आले की स्वतःवरचा विश्वास कमी करतो आणि शोधायची जागा रुंदावतो. त्यातला नॉइजचा आकडा मात्र हाताने, रेकॉर्डिंग बघत बसवावा लागला. दोन दिवस गेले.

शिकायचं कुठे, हेही विचारतात. झुरिक आणि बर्लिनचे गट पेपरांतून भेटतीलच. आपल्याकडे बेंगळुरूच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्था) काम चालतं. तिथल्या लोकांनी 2023 मध्ये इव्हेंट कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला जोडून 50 नॅनोमीटरहून लहान वस्तू टिपल्याचं प्रसिद्ध झालंय. गणिताचं म्हणाल तर लिनिअर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटी पक्की हवी. सी प्लस प्लस येत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण सेकंदाला लाखो इव्हेंट आले की पायथॉनची धाप लागते.

मुलाखतीला जाताना डेमोचा व्हिडिओ न्याच, पण तो वेग-व्हेरिअन्सचा आलेखही छापून न्या. मी नेला होता. समोरच्या बाईंनी व्हिडिओ अर्ध्यावर थांबवला आणि आलेखावर बोट ठेवलं. सेकंदाला 480 पिक्सेलच्या आसपास मोठं शिखर होतं आणि बरोबर शून्यावर एक बारीक सुळका. "हा कुठून आला?" सुदैवाने आदल्याच आठवड्यात मी त्याच्यामागे लागले होते. सेन्सरमध्ये काही पिक्सेल बिघडलेले असतात, कारण नसताना सतत इव्हेंट देत राहतात. ते जागचे हलत नाहीत, म्हणून वेग शून्य धरला की त्यांचे सगळे इव्हेंट एकावर एक रचले जातात आणि सुळका उभा राहतो. "मग काय केलंस?" कॅमेऱ्याला झाकण लावून मिनिटभर रेकॉर्ड केलं, ज्यांची बडबड चालूच राहिली त्यांची यादी केली आणि ते वगळले. वगळल्यानंतरचा आलेख पिशवीतच होता, तो काढून शेजारी ठेवला.