थायलंडच्या बालवाडीत शिकवायला येताय? आधी पासपोर्टातला शिक्का बघा

मेच्या मध्यावर इथल्या शाळा उघडतात आणि त्याआधी महिनाभर मला फोन यायला लागतात. "ताई, तीन-चार वर्षांच्या पोरांना एबीसीडीच शिकवायची ना, त्यात काय एवढं!" नऊ वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत बँकॉकला उतरले होते. एबीसीडीनं मला कधी रडवलं नाही. रडवलं ते एका नसलेल्या शिक्क्यानं, म्हणून आधी तेच सांगते.

नोकरीसाठी नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो. त्यावर सुरुवातीला ९० दिवस मिळतात, तेवढ्यात वर्क परमिट होतं आणि मग मुक्काम वर्षभरासाठी वाढवून मिळतो. इथवर सगळे सुखरूप पोचतात. पण री-एंट्री परमिट न काढता देशाबाहेर पाऊल टाकलंत की ती वाढवलेली मुदत तिथल्या तिथे संपते. एकदा जाऊन येण्याचं परमिट १,००० बाट, मुदतीत हवं तितक्यांदा जायचं असेल तर ३,८००. माझ्या पहिल्या ऑक्टोबरच्या सुटीत मी दहा दिवस घरी गेले. शाळेत कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. परत आले तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट पुढून मागून दोनदा चाळला, मान हलवली आणि मला पर्यटक म्हणून आत घेतलं. पर्समध्ये वर्क परमिट होतं, पण त्याला आता विचारतो कोण! मग शाळेकडून नवी पत्रं, रात्रीच्या गाडीनं नोंग खाय, पूल ओलांडून लाओसमधलं व्हिएन्तियान आणि तिथल्या थाई वकिलातीबाहेर पहाटेपासून रांग. पाच आठवड्यांचा पगार गेला, खोलीभाडं मात्र चालूच. हे सगळं हजार बाटांपायी.

तर तिकीट काढण्याआधी री-एंट्री. घरी कुणी आजारी आहे म्हणून रात्रीतून निघायचं असलं तरी री-एंट्री. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरही त्याची खिडकी आहे, हातात दोन तास ठेवा. गेल्या वर्षीही एक मुलगी हे सगळं माझ्याकडून ऐकून गेली आणि तशीच विमानात बसली.

दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा असतो आणि घरमालकानं तुमची नोंद केली आहे ना ते बघायचं असतं. शाळेतलं कुणीतरी शिकवेल.

पर्यटक म्हणून या, काम सुरू करा, कागद मागाहून होतील, असं सांगणारे एजंट बहुतेक आपलेच असतात, गोड मराठी-हिंदी बोलतात. पकडले गेलात तर बेकायदा काम तुमच्या नावावर, एजंट फोन उचलत नाही. करार बारा महिन्यांचा आहे की दहा, हेही विचारून घ्या. दहाचा असेल तर मार्च-एप्रिलच्या मोठ्या सुटीत पगार नाही आणि सोंगक्रानचं, म्हणजे थाई नववर्षाच्या सणातलं, पाणी नुसतं खिडकीतून बघायचं.

आता वर्ग. इथे बालवाडीला अनुबान म्हणतात, तीन ते सहा वर्षांची मुलं, बहुतेक ठिकाणी तीन इयत्ता. तुम्ही 'टीचर'; पण वर्ग चालवते ती 'ख्रू फी लियांग', म्हणजे मुलांना सांभाळणारी थाई ताई. दूध पाजणं, दात घासून घेणं, जेवणानंतर चटया टाकून झोपवणं, कोण कुणाला चावतो हे लक्षात ठेवणं, सगळं तिच्याकडे. पहिल्या आठवड्यात एक मुलगा टेबलावर चढला आणि मी आपल्या शाळेतल्या बाईंसारखी ओरडले. वर्ग चिडीचूप. मला वाटलं, जमलं. फी लियांग माझ्याकडे बघून नुसती हसली, मुलाला उतरवून घेतलं, मांडीवर टाळीचा ठेका धरला आणि तीसच्या तीस मुलं तो ठेका देत खाली बसली. दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. इथे आवाज चढवणारा माणूस स्वतःचीच शोभा करून घेतो. दुसऱ्या दिवशी मी तो ठेका तिच्याकडून शिकून घेतला, आजही तोच वापरते. तिच्याशी बिनसलं तर कितीही रंगीत फ्लॅशकार्ड घेऊन जा, उपयोग नाही.

मुलांच्या डोक्यावर हात ठेवू नका, कितीही गोड असली तरी. चपला दाराबाहेर. पावसाळ्यात हातापायांवर आणि तोंडात फोड येणारा आजार पसरतो आणि वर्ग बंद ठेवतात, तेव्हा घाबरू नका.

उच्चारांवरून मुलांचा जीव खाऊ नका. थाईत शब्दाच्या शेवटी 'ल' टिकत नाही, त्याचा 'न' होतो, म्हणून बॉलचा 'बॉन'. शेवटचा 'स' बरेचदा गळतो, हाउसचा 'हाव' उरतो. मी तीन आठवडे 'बॉल, बॉल' घोकून घेतलं. मग वरिष्ठ शिक्षिकेनं मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझं व्हॅन आणि विंडो एकाच अक्षरानं सुरू होतं का?" होतंच, आपलं 'व' एकच! तेव्हापासून आरशासमोर उभी राहून दात ओठावर टेकवायचा सराव मी करते आणि मुलांना बॉन खेळू देते.

पगाराचं कडू सत्य: ब्रिटिश-अमेरिकन पासपोर्टवाल्याला त्याच कामाचे जास्त पैसे मिळतात, आपल्याला आणि फिलिपिनोंना कमी. भारतीयाला इथे 'खेक' म्हणतात. शब्दाचा अर्थ पाहुणा, पण सूर दर वेळी पाहुणचाराचाच असतो असं नाही. आपल्यातले काहीजण हा राग फिलिपिनो शिक्षकांवर काढतात, "त्यांचं इंग्रजी कुठे चांगलं" म्हणत. मला वीस मिनिटांचा तास बांधायला शिकवला तो एका फिलिपिनो बाईनं. आपल्या ग्रुपवर तेव्हा फक्त तुरीची डाळ कुठे मिळते एवढीच चर्चा होती.

जूनमध्ये एका गुरुवारी 'वाय ख्रू' असतो, ख्रू म्हणजे आपला गुरूच. मुलं रांगेनं गुडघ्यांवर सरकत येतात आणि हातात फुलांची रचना देतात. पहिल्या वर्षी त्यात एक्झोराची फुलं, वांग्याचं फूल आणि दूर्वा दिसल्या. दूर्वा! फी लियांगनं खुणांनी समजावलं: एक्झोरा सुईसारखी, म्हणून तल्लख बुद्धी, वांग्याचं फूल खाली झुकतं, म्हणून नम्रता, दूर्वा तुडवल्या तरी पसरत जातात, तशी विद्या. त्या दिवशी साडी नेसा, चालते. एरवी जीन्सही चालत नाही.

शिक्षक परवान्याचं काम 'खुरुसफा'कडे, म्हणजे अक्षरशः गुरुसभेकडे. तिथे माझी फाइल नावावरून अडकली. पदवीवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, पासपोर्टवर लग्नानंतरचं. ही एकच व्यक्ती आहे हे सांगणारं प्रतिज्ञापत्र भारतातूनच करून आणा. पदवीवर आधी परराष्ट्र मंत्रालयाचा आणि मग थाई वकिलातीचा शिक्का घ्या. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं. आणि पदवी खराब होऊ नये म्हणून बाबांनी ती कधीकाळी लॅमिनेट करून ठेवली असेल, तर विद्यापीठात दुसऱ्या प्रतीसाठी आजच अर्ज टाका. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही.